पायरीवरचं गिऱ्हाईक

९ नोव्हेंबर

चि. शाईस,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं त्याला तीन महिने होऊन गेले. पहिला महिना चष्म्याची काडी मोडली म्हणून गेला, दुसरा शाळेच्या हजेरीपुस्तकांच्या बांधणीत, आणि तिसरा लाजेत. लाज अशी की पत्रासोबत तू तुझ्या गोष्टीचं मासिक पाठवलंस आणि मी ते वाचलं.

तुला माहीत आहे, मी जन्मभर पुस्तकं बाहेरूनच पाहिली. पाठीला खळ लावायची, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा. आत काय आहे ते ज्याचं त्यानं बघावं. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं पुरे. पण घरची पोर लिहिते म्हणून हे आतून वाचलं. त्यात ती बाई त्या रक्तपितीला आपण होऊन मान पुढे करते, आणि पान चौदावर पुढचं जे आहे ते मला इथं लिहिता येत नाही. तुझा बाप असता तर काय म्हणाला असता? तो गेल्यावर तुला मीच वाढवली, तेव्हा जाब मलाच द्यावा लागणार. ठमीनं ते पान दोनदा वाचलं. मी बघत होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या आठवड्यात दिवे लावायच्या वेळी दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ येऊन उभे राहिले. काळा कोट, हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा. गठ्ठ्यात तुझ्याच मासिकाचे अकरा अंक. म्हणाले, "यातल्या एकाच लेखिकेच्या गोष्टी सोडवून घ्या. त्यांचं एक पुस्तक बांधून हवं." बघतो तर नाव तुझं. मी फुशारकीनं सांगून बसलो की ही माझी पुतणी, याच घरात वाढली. मग मला झोप नाही. काय गरज होती सांगायची? कोण, कुठला?

मी विचारलं, गोष्टी आवडतात वाटतं? तर म्हणाले, "बाईंना चावणं ठाऊक आहे, भूक ठाऊक नाही." हे चांगलं म्हणाले की वाईट, ते मला कळलं नाही. तू सांग.

त्यानंतर ते तीनदा आले. पायरीवरच उभे राहतात, वर पाऊल टाकत नाहीत. मीही 'बसा' म्हणत नाही, कारण दुकानात स्टूल एकच आणि त्यावर ठमी शिवायला बसते. ठमीचा हात तुला माहीत आहे. वीस वर्षांत माझ्या लेकीचा टाका तिरका गेला नाही. परवा ते बोलत असताना सुई तिच्या बोटात गेली आणि तुझ्या गोष्टीच्या पानावर एवढासा थेंब पडला. गृहस्थ बोलता बोलता थांबले. मी म्हणालो, डाग पुसतो. म्हणाले, "नको. ते पान तसंच राहू द्या."

आणि निघताना म्हणतात काय, "जातो." भल्या माणसानं कुणाच्या दारातून निघताना 'जातो' म्हणावं का? माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ठमी मात्र हसली. ती हसते कशी ते मी विसरलो होतो, म्हणून आधी मला वाटलं तिला ठसका लागला.

हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे का? त्याला पुस्तक द्यावं की नाही? मला सगळ्याचीच काळजी वाटते.

तुझा काका


२१ नोव्हेंबर

ती. काका,

आधी एक दुरुस्ती. रक्तपिती हा रोग आहे, त्यात बोटं झडतात. माझा नायक रक्तपिपासू. त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत असतात आणि गोष्टीला त्यांची फार गरज असते.

पान चौदावर रागावू नका. त्याच पानावर माझं घर चालतं. आमचे संपादक म्हणतात, प्रत्येक गोष्टीत एक चावा, एक पलंग, आणि शेवटी दोघांतलं निदान एक जिवंत. बारा वर्षं मी हे करतेय. खरं सांगायचं तर आता सुचत नाही. मागच्या महिन्यात माझा नायक मानेवर वाकला आणि मी त्याला दोन दिवस तसाच वाकवून ठेवला. शेवटी बिचाऱ्याची पाठ धरली असेल म्हणून गोष्ट फाडून टाकली.

तुमचे गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत. पण व्हावेत असं वाटतं. चावणं ठाऊक आहे, भूक ठाऊक नाही, हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय. एकटे, वाचणारे, सभ्य, थोडे चक्रम. अशांच्या जिवावर मासिकं चालतात. घाबरण्यासारखं काही नाही. पुस्तक सावकाश बांधा. फार सावकाश.

आणि ते 'जातो' फार गोड आहे हो. ठमीला म्हणावं, शिकव त्यांना. निघताना 'येतो' म्हणायचं. तुम्हीही रीतसर उत्तर द्या. आम्हा दोघींना दाराशी उभं करून तुम्हीच घोकून घेतलं होतं ना? मग गिऱ्हाइकाला सूट का? बघा काय होतं ते, आणि मला सगळं कळवा. कोट कसा आहे, आवाज कसा आहे, ठमीकडे बघतात तेव्हा हात कुठे असतात. तुम्हाला क्षुल्लक वाटेल तेच लिहा. मला तेच लागतं.

ठमीला पापा. तिला सांगा, पान चौदा मी तिच्याचसाठी लिहिलं होतं.

शाई


१७ जानेवारी

चि. शाईस,

तू म्हणालीस तसं केलं, आणि आता मला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

ठमीनं त्यांना शिकवलं. ती स्टुलावर, ते पायरीवर, मध्ये आमचा उंबरा. ती म्हणाली, "जातो म्हणायचं नसतं. येतो म्हणायचं." ते म्हणाले, "पण मी तर चाललोय." ती म्हणाली, "म्हणूनच." त्यावर दोघं किती वेळ एकमेकांकडे बघत राहिले. मी आपला कात्रीला धार लावत बसलो. बापानं अशा वेळी काय करायचं असतं ते कुणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले, कापडाचा रंग ठरवला, आणि निघताना मान लववून म्हणाले, "येतो." माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "या."

शाई, ते गेले नाहीत. वळले, पायरी चढले आणि आत आले. मी म्हणालो, "अहो, मी ते उत्तरादाखल म्हटलं." म्हणाले, "म्हटलंत ना." आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. अंगाला कसला वास नाही. इतक्या जवळून माणूस गेला की घामाचा, तंबाखूचा, निदान साबणाचा तरी वास येतो. त्यांना काहीच नाही. धुतलेल्या फरशीसारखे.

तेव्हापासून रोज येतात. 'येतो' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणत नाहीत, काम संपलं की मी बघेपर्यंत नसतात. पुस्तक कधीच बांधून झालं. द्यायला गेलो तर म्हणतात, असू द्या, घाई नाही. तू लिहिलंस तेच.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण तू सगळं कळव म्हणालीस. परवा मी दाबयंत्राच्या मागे खळ ढवळत होतो. ठमीनं मनगट उलटं करून टेबलावर ठेवलं होतं, शिवण दाखवतात तसं. ते वाकले आणि ओंजळीतून पाणी प्यावं तसं प्यायले. आवाज नाही. ठमीनं दुसऱ्या हातानं त्यांचे केस धरले होते, घट्ट, मुठीत. आणि तिचा चेहरा. मी तिला जन्मल्यापासून पाहतोय, ताप आलेली, रडलेली, आई गेली तेव्हाची. हा चेहरा मी पाहिला नव्हता. बापानं पाहूही नये असा. ती पुटपुटली, "अजून." ते म्हणाले, "पुरे." ती म्हणाली, "माझं आहे, मी ठरवणार."

खळ करपली. मी हललो नाही. हलायला हवं होतं का?

आता ती कधी थंडीतसुद्धा घातले नाहीत असे लांब हाताचे कपडे घालते, गळ्याला रुमाल बांधते, आणि गुणगुणते. गोरी पडली आहे. सुईत दोरा ओवायला दोनदा तोंडाशी नेते. मी म्हणालो, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. म्हणाली, "बाबा, मला इतकं बरं कधीच वाटलं नाही."

तू या विषयातली जाणकार. खरं काय आणि गोष्टीतलं काय ते मला कळत नाही. काय करू ते लगेच लिही.

तुझा काका


२९ जानेवारी

ती. काका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. ओंजळीतून पाणी प्यावं तसं. काका, तुम्ही चौथीत शाळा सोडलीत हे माझ्या धंद्यासाठी बरंच झालं, नाहीतर मला कुणी विचारलं नसतं.

काय करू म्हणता? काही करू नका. चौतिसाव्या वर्षी तुमच्या मुलीच्या मनगटाला कुणीतरी ओठ लावले, यात पोलिसात जाण्यासारखं काय आहे? प्रेमात माणसं काय काय करतात ते तुम्ही पाहिलं नाहीत एवढंच. ठमीला रक्त कमी आहे ते लहानपणापासून. शाळेच्या प्रार्थनेत ती दर आठवड्याला पडायची, मीच उचलायचे. तेव्हा कुणाला पायरीवरचं गिऱ्हाईक आठवलं नाही.

राग येईल, पण लिहितेच. ठमीला पाहायला दोघेजण आले होते ते मला आठवतंय. एक तो शिक्षक आणि दुसरा चष्मे विकणारा. दोघांनाही तुम्ही 'मुलगी नाजूक आहे' म्हणून परत लावलंत. मुलगी नाजूक नव्हती, काका. तिचा टाका नाजूक होता. दुसरं कुणी तसं शिवलं नसतं. तेव्हा आता ती तिचं काहीतरी कुणाला तरी देतेय, तर देऊ द्या.

मला मात्र मदत करा. आधी मनगट की मान? तो डोळे मिटतो का? ती त्याला काय म्हणून हाक मारते? नंतर ती लगेच झोपते की बोलत बसते? तिला सरळ विचारा, किंवा नका विचारू, दाबयंत्राच्या मागे उभे राहा. तुम्हाला तिथून छान दिसतं.

उलट टपाली लिहा. महिनाअखेर मला गोष्ट द्यायची आहे.

शाई


१२ मार्च

शाई,

तू विचारलेलं काही मी लिहून पाठवलं नाही, तरी तू लिहिलंसच. काल तो तुझा नवा अंक घेऊन आला. आता त्याला मी अहोजाहो करत नाही. तो आता दुकानात थांबतच नाही, सरळ वर जातो. अंक माझ्या हातात देऊन म्हणाला, "हीसुद्धा पुस्तकात घाला."

गोष्टीचं नाव 'उत्तरादाखल'. मी दिव्याखाली बसून बोट ठेवून वाचली. माझा उंबरा, माझं स्टूल, माझी करपलेली खळ. धुतलेल्या फरशीसारखे, हे माझं वाक्य. ठमीच्या मुठीतले केस. 'माझं आहे, मी ठरवणार' हे माझ्या पोरीचं बोलणं, ते आता चाळीसपैकी चोविसाव्या पानावर आहे आणि पानाखाली केसांच्या तेलाची जाहिरात आहे. बापाला तू मूर्ख केलंस. ते असू दे, बाप मूर्खच आहे.

पण सहाव्या पानावर तू काय लिहिलंस? 'अशा माणसाला घरातल्या कुणी तोंडानं या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. बहिणीला हे ठाऊक होतं. तिनं पत्रात ते लिहिलं नाही. तिला बघायचं होतं.' हे छापलंस. छापायला लाज वाटली नाही, लिहायला वाटली.

मी ते पान ठमीला वाचून दाखवलं. वाटलं, तिला राग येईल. ती उशीला टेकून होती. म्हणाली, "शाईताईचे उपकार आहेत." आणि कुशीवर वळली.

तुला पाहिजे तेवढं आता मी सांगतो, फुकट घे. मनगटं दोन्ही संपली, आता मानच उरली आहे. ती जिना धरून उतरते. मागच्या आठवड्यात तिनं शिवलेलं एक पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात पानं पानं झालं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. त्यांनी पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली, विचारलं, "बाई, तुमचं रक्त जातं कुठे?" ठमी म्हणाली, "जिथं लागतं तिथं." डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे असंच चाललं तर पुढच्या थंडीचं बोलू नका.

मी त्याच्या पाया पडलो, शाई. खोटं नाही, जिन्याच्या खालच्या पायरीवर खरंच पडलो. त्यानं मला काखेत हात घालून उठवलं, फार अदबीनं. म्हणाला, "मी कुठं मागतो? ती देते. मला बोलावलं तिथं मी आहे." मग तुझा पत्ता विचारला. मी सांगितला नाही.

तू लिहिलंस, तर खोडायचं कसं तेही तुला माहीत असेल. सांग. तुझ्या बापाची आण घालत नाही, त्याला वर त्रास नको. नुसतं सांग.

काका


२० मार्च

ती. काका,

तुम्ही रागावणार हे माहीत होतं. लेखक माणसं कुणाची नसतात असं म्हणतात. मी तर तुम्हाला आधीच सांगितलं होतं की सगळं कळवा, मला लागतं. गोष्टीवर लोक अक्षरशः तुटून पडले आहेत. संपादकांकडे पत्रांचा ढीग लागलाय. निम्म्या बायका विचारतात, हे दुकान कुठे आहे.

आता स्पष्ट बोलते. तो उंबऱ्याचा नियम मी बनवलेला नाही, अशा गोष्टींत तो चालत आलेला आहे, जसा राक्षसाचा जीव पोपटात. म्हणून लिहिला. तुमचा तो माणूस म्हणजे रक्ताची चटक लागलेला एक सभ्य वेडा आहे आणि ठमी त्याच्यापायी खुळी झाली आहे. दोन्ही खरं असू शकतं, दोन्ही दुःखाचं आहे, पण त्यात माझी जादू नाही.

तरी तुम्हाला उपाय हवाच असेल तर गोष्टीतला उपाय असा. तो हाकलून जात नाही. दुसऱ्या दारातून बोलावणं आलं तरच पहिलं दार सोडतो, आणि दोन दारं एकदम धरत नाही. झालं समाधान?

मग पाठवा त्याला माझ्याकडे. थट्टा नाही करत. बारा वर्षं मी रोज सकाळी उठून कुणाच्या तरी मानेवर कुणाचे तरी ओठ टेकवते आणि संध्याकाळी एकटीच कपडे वाळत घालते. माझ्या खोलीत शेवटचा पुरुष आला तो पंखा दुरुस्त करायला. ठमीचं वाचून मला काय झालं ते सांगून तुम्हाला आणखी लाजवत नाही. भूक ठाऊक नाही म्हणे. येऊ दे, समोर बसून सांगू दे.

हे घ्या, लेखी देते. मी, तुमची पुतणी शाई, त्या गृहस्थांना म्हणते: या.

त्याला दाखवा आणि तो काय करतो ते मला कळवा. हसू नका म्हणावं.

शाई


३० जून

चि. शाईस,

तुला मी मधल्या काळात दोन कार्डं टाकली, त्यांचं उत्तर नाही. म्हणून हे पाकीट. पोचतं की नाही या काळजीनं तिकीटही जास्त लावलं आहे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ते त्याला दिलं. खरं सांगतो, द्यायच्या आधी मी ते दोन तास खिशात घेऊन फिरलो. तू थट्टेत लिहिलंस हे मला कळत होतं. मला फार शिक्षण नाही, पण थट्टा कळते. त्याला मात्र कळत नाही, हे मला 'या' म्हटल्यापासून माहीत होतं. माझ्यासमोर दोन पोरी होत्या. एक माझी, एक भावाची. भाऊ वर गेलेला आहे आणि त्याला तोंड दाखवायला मला अजून थोडा अवकाश आहे. म्हणून दिलं.

त्यानं ते उभ्यानं वाचलं, घडी घातली, कोटाच्या आत ठेवलं. फडताळातून तुझ्या गोष्टींचं पुस्तक काढून घेतलं. तुझी गल्ली कुठे, जिना कुठल्या बाजूला, ते विचारलं. मी सांगितलं. जिना अंधारा आहे, सांभाळून, असंही सांगितलं. माझ्या तोंडातून असलं काहीतरी जातंच. वर ठमी झोपली होती. तिला उठवायला तो गेला नाही.

सकाळी तिनं त्याचं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. फक्त विचारलं, "शाईताईनं बोलावलं?" मी हो म्हणालो. म्हणाली, "आणि तो गेला?" मी हो म्हणालो. मग किती तरी वेळ ती आपली मनगटं बघत होती, परत केलेली वस्तू तपासावी तशी.

महिनाभरात तिच्या गालांवर रंग आला. नखं लाल झाली. मी फार खूश होतो, देवाचे आभारही मानले, तुझी आठवण काढली नाही. मग एक दिवस तिनं सुई ठेवून दिली. मी म्हणालो, काय झालं? म्हणाली, "बाबा, तुम्ही मला वाचवलंत. कशासाठी ते सांगा." मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला? म्हणाली, "विचार करून सांगा, मी थांबते." मी अजून सांगितलेलं नाही. ती अजून थांबली आहे. तोवर माझ्याशी बोलत नाही, आणि तीन आठवडे झाले, ताटाला हात लावत नाही. पाणी तेवढं घेते. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, रक्त चांगलं आहे, भरपूर आहे, पण त्याचं हिला काही करायचं नाही असं दिसतं. असलं दुखणं त्यांच्या पुस्तकात नाही. दिवेलागणीला ती खाली येते, पायरीवर बसते आणि दार बंद करू देत नाही.

तुझ्या संपादकांना पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं. म्हणतात, बाईंची मे महिन्याची गोष्ट आजवरची सगळ्यात चांगली, अक्षर मात्र इतकं हललं होतं की खिळे जुळवणाऱ्याचे डोळे गेले. त्यानंतर काही आलं नाही. तुम्हाला काही कळलं तर आम्हालाच कळवा. ती गोष्ट मी वाचली. तिच्यात चावा नाही, पलंग नाही. एक बाई खिडकीशी बसून अंधार पडायची वाट बघते, एवढंच चार पानं. मला ती कळली. मी ती ठमीला दाखवली नाही.

तू माझ्याच ताटात जेवून मोठी झालीस, तेव्हा मनात काही ठेवत नाही. तू बरी असशील तर मला आनंदच आहे, हे आधी वाच. माझ्यावर रागावली असशील तर तो तुझा हक्क आहे, उठायला बळ आलं की ये आणि चार शिव्या दे. पण बरी नसशील, आणि त्याला पुरेल असं आता तुझ्यात फारसं उरलं नसेल, तर त्याला धरून ठेवू नकोस. त्याला सांग, ठमी आता भरली आहे. इथं त्याला कुणी काही बोलणार नाही. मी दुकानात खालीच असेन, दाबयंत्राच्या मागेसुद्धा उभा राहणार नाही.

तू काय ते ठरव, पण फार दिवस लावू नकोस, इथं माझी पोर दारात बसून वाळते आहे. लिहवत नसेल तर त्यालाच दोन ओळी लिहायला सांग. त्याचं अक्षर चांगलं आहे. पण कळव, शाई. लवकर कळव.

तुझा काका